मुंबईत सहकुटुंब राहायला रूम बघताय? स्टेशनच्या बाबतीत या चुका टाळा

सुट्टी लागली की मुलांना मुंबई दाखवायला निघणारी घरं पुष्कळ. गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक, जमलं तर बोरिवलीचं नॅशनल पार्क. गाडीचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी होतं आणि रूम मात्र शेवटच्या आठवड्यात, ‘स्टेशनपासून ५ मिनिटं’ एवढंच वाचून. मुंबईत स्टेशन जवळ असून भागत नाही. ते कुठल्या लाइनवर आहे आणि तुम्ही निघाल त्या वेळी गर्दी कुठल्या दिशेला चाललेली असते, हे आधी बघायचं.

गर्दीच्या बाजूने प्रवास करावा लागेल अशी रूम

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. सकाळी साधारण ८ ते ११ अख्खी मुंबई दक्षिणेकडे, म्हणजे सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) आणि चर्चगेटच्या बाजूला निघते. संध्याकाळी साडेपाचपासून साडेआठपर्यंत तीच माणसं उलटी परततात. स्वस्त मिळाली म्हणून कांदिवलीला किंवा डोंबिवलीला रूम घेतली आणि गेटवे बघायला सकाळी ९ ला निघालात, तर जाताना ऑफिसची गर्दी आणि येतानाही तीच.

हेच दक्षिणेला उतरलात तर गणित फिरतं. फोर्टातून गेटवे आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय चालत होतं. नॅशनल पार्कला जायच्या दिवशी तुम्ही सकाळी उत्तरेकडे निघता, म्हणजे गर्दीच्या विरुद्ध, आणि संध्याकाळी परततानाही विरुद्धच. शिवाय चर्चगेट आणि सीएसएमटीहूनच गाडी सुटते, त्यामुळे आजीला बसायला जागा मिळण्याची शक्यता बरीच. भाडं जास्त पडतं आणि रूम लहान असते, हे खरंच. तरी लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर तिथे दोन रात्री राहा, पण तिथेच राहा, असं माझं मत. फोर्टाचे दर परवडत नसतील तर ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल बघा. उपनगरात राहायचंच असेल तर ठाणे, अंधेरी, बोरिवली, पनवेल अशा ठिकाणी, जिथून काही गाड्या सुटतात. मधल्या स्टेशनवर भरलेल्या गाडीत पोरांना घेऊन चढणं सोपं नाही.

सगळे दादरला राहा म्हणतात. मध्य आणि पश्चिम दोन्ही लाइन मिळतात, हे बरोबरच. पण संध्याकाळी ६ वाजता दादरच्या फास्ट (मोजक्याच स्टेशनांवर थांबणाऱ्या) गाड्यांच्या प्लॅटफॉर्मवर एकदा उभं राहून बघा. गाडी थांबायच्या आधीच माणसं आत उडी घेतात, उतरणारे दारातच अडकतात, आणि विरार फास्टमध्ये चुकून चढलेल्याला अंधेरीला उतरू देतीलच असं नाही. दादरला राहायचं तर लोकल दुपारी किंवा रात्री ९ नंतर वापरा. आता आरे ते कफ परेड ही भुयारी ‘मेट्रो ३’ लाइन ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण धावते. दादर, सिद्धिविनायक, सीएसएमटी, चर्चगेट ही तिचीच स्टेशनं, आणि लिफ्ट आहेत. दादरची रूम या मेट्रोच्या जवळ असेल तर माझा आक्षेप बराच मवाळ होतो.

नावावर जाऊन बुकिंग

मुंबई सेंट्रल हे स्टेशन मध्य रेल्वेवर नाही, पश्चिम रेल्वेवर आहे. नागपूर किंवा कोल्हापूरहून सीएसएमटीला उतरणारे लोक ‘सेंट्रल’ वाचून तिथे रूम घेतात आणि मग सामानासकट टॅक्सी शोधतात. वांद्रे टर्मिनस आणि वांद्र्याचं लोकल स्टेशन वेगळं. लोकमान्य टिळक टर्मिनसला लोक कुर्ला म्हणतात, पण त्याला लागून असलेलं स्टेशन हार्बर लाइनवरचं (सीएसएमटी-पनवेल मार्गावरचं) टिळकनगर. आपली गाडी शेवटी कुठे थांबते, हे तिकिटावर बघा. बऱ्याच गाड्या कल्याण, ठाणे, दादरलाही थांबतात, तेव्हा रूम ठाण्याला असेल तर सीएसएमटीपर्यंत जाऊन परत येण्यात अर्थ नाही.

नवी मुंबईत रूम मोठी आणि स्वस्त मिळते. पण हार्बर लाइनला फास्ट गाडी नसते, आणि पनवेलहून सीएसएमटीला सव्वा तासाच्या वर लागतो. कोकणातून येऊन पनवेलला उतरणाऱ्यांना आणि वाशी-खारघर भागातच काम असलेल्यांना ते सोयीचं.

‘एअरपोर्टजवळ’, ‘अंधेरी’ असं लिहिलेली हॉटेलं साकीनाक्याला किंवा मरोळला निघतात. तिथून अंधेरी स्टेशन गाठायला रिक्षा किंवा मेट्रो. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेला जात नाहीत, हेही लक्षात असू द्या.

नकाशावरचं अंतर

४०० मीटर दिसतं ते सरळ रेषेत, आणि मध्ये रूळ. रूम पूर्वेला आणि तुमचा प्लॅटफॉर्म पश्चिमेकडे असेल तर आधी पूल चढायचा. लॉजवाल्याला फोन करून थेट विचारा: ईस्ट की वेस्ट, सरकता जिना किंवा लिफ्ट त्या बाजूला आहे का, आणि लॉजला लिफ्ट आहे का. तिसरा प्रश्न सगळे विसरतात आणि मग चौथ्या मजल्यावर बॅगा.

सायन, करी रोड, चिंचपोकळी, मशीद अशा स्टेशनांवर फक्त स्लो (सगळीकडे थांबणारी) लोकल थांबते. तिथे रूम असेल तर फास्ट पकडून दादर किंवा भायखळ्याला उतरायचं आणि स्लो घ्यायची.

बुकिंग झालंय, आता काय?

रूम उत्तरेला असेल तर सकाळी ७ च्या आत निघा किंवा सरळ ११ नंतर. परतताना साडेचारच्या आत गाडी पकडा, नाहीतर जेवूनच निघा. तेही जमत नसेल तर एसी लोकलचं टाइमटेबल बघून ठेवा. तिचं तिकीट वेगळं आणि महाग, पण दारं बंद होतात. साध्या तिकिटावर तिच्यात चढू नका, टीसी दंड करतो.

बायका लेडीज डब्यात आणि पुरुष जनरलमध्ये अशी फाटाफूट होणार असेल तर आधीच ठरवा: उतरायचं स्टेशन कोणतं आणि चुकामूक झाली तर कोण कुठे थांबणार. प्लॅटफॉर्मवर मागे राहिलेल्याने पुढच्या गाडीने यायचं, उतरलेल्यांनी तिथेच इंडिकेटरखाली थांबायचं. आणि आधीच्या स्टेशनलाच दाराकडे सरकायचं. ‘दादर?’ असं पुढच्याला विचारलं की तो मान हलवतो, म्हणजे तोही उतरणार. त्याच्या मागे राहा.

रातराणी गाडी सकाळी ७ ला पोचते आणि चेक-इन १२ ला, हे तर नेहमीचंच. सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये बॅगा ठेवता येतात, फक्त कुलूप लावलेलं हवं. कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर रिटायरिंग रूमही मिळते, पण ती आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

रविवारी बाहेर पडणार असाल तर शनिवारीच मेगाब्लॉकची (रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवण्याची किंवा वळवण्याची) बातमी बघा. तो बहुतेक वेळा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारपर्यंत चालतो, फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात आणि हार्बरवर काही टप्प्यांत गाड्या बंदच असतात. हार्बरवर रूम असणाऱ्यांनी रविवार जवळपासच्या ठिकाणांसाठी ठेवावा. मात्र नॅशनल पार्क आणि घारापुरी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद, तेव्हा रविवारचं पुढे ढकलताना हे वार बघून ढकला.