काळी मेंदी लावण्याआधी शुक्रवारची आठवण

जांभळी नाक्यावरून आणलेल्या ‘हर्बल काळ्या मेंदी’ने आमच्या आईच्या कानामागे पुरळ उठलं, डोळे सुजले. निव्वळ मेंदीचा रंग तांबूस-केशरी येतो. लावल्या लावल्या केस काळेभोर होत असतील, तर त्यात बहुधा पीपीडी, म्हणजे पॅरा-फेनिलीनडायमीन असतं. काहींना त्याचीच ॲलर्जी असते.

आता आमच्या घरी असं करतो:

१. घटकांची यादी बारीक छापलेली असते. दुकानातच मोबाइलने फोटो काढून मोठा करायचा आणि ‘पीपीडी’ किंवा ‘डायमीन’ शोधायचं. पुढच्या बाजूच्या पानाफुलांच्या चित्रावर जाऊ नका.

२. रविवारी केस रंगवायचे असतील तर शुक्रवारी सकाळीच चिमूटभर रंग पाकिटावर लिहिल्याप्रमाणे कालवून कोपराच्या आतल्या बाजूला लावायचा. ४८ तास लक्ष ठेवायचं. खाज, लाली, फोड, काहीही दिसलं तर लगेच धुऊन टाकायचं आणि तो रंग वापरायचाच नाही.

मागच्या वेळी काही झालं नाही म्हणून चाचणी टाळू नका, ही ॲलर्जी वर्षानुवर्षांच्या वापरानंतरही उद्भवते. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठा.