होडी मृगाआधी वर चढवा

रोहिणी सरत आल्या की कृष्णेचं पाणी तळाला जातं आणि काठापर्यंत होडी ओढायला अंतर वाढतं. म्हणून बरेचजण पहिल्या पावसानं पाणी जरा चढायची वाट बघतात. आपल्या सांगली-पलूस पट्ट्यात हा हिशेब चुकतो. इथं नुसती भुरभुर असते, तिकडं महाबळेश्वर-कोयनेच्या खोऱ्यात कोसळत असतं, आणि धरणातून विसर्ग वाढला की पाणी न सांगता चढतं. कोकणात दर्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि नदीतही पावसाळा हाच माशांच्या विणीचा काळ. तेव्हा ७ जूनच्या आत होडी बाहेर काढलेली बरी.

बाहेर म्हणजे नुसती काठावर नव्हे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या वर्षी तुमच्या गावात पाणी कुठवर आलं ते ठाऊक असेलच, जागा त्याच्या वर धरा. मी त्या साली होडी करंजाला आखूड दोरानं बांधून निवांत होतो. पाणी चढलं, दोर पुरला नाही, होडीचं नाक खाली ओढलं गेलं आणि ती झाडाशीच बुडाली. ओसरल्यावर दोन फळ्या आणि गाळ एवढंच हाती लागलं. झाडालाच बांधायची वेळ आली, तर दोर लांब सोडा आणि फास खोडावरनं वर सरकेल असा सैल घाला.

ओढताना खाली उसाचं पाचट अंथरलं की तळ खरचटत नाही. ते नंतर तिथंच राहू देऊ नका, त्यात उंदीर घर करतात आणि वाळवी लागते. मे-जूनमध्ये मगरीची पिलं बाहेर पडतात, तेव्हा भिलवडी-औदुंबरकडच्यांनी वाळूच्या कडेनं एकट्यानं जाऊ नये. मादी जवळच असते.

होडी उपडी करून दीड फूट उंच ठोकळ्यांवर ठेवा. वरून ताडपत्री घाला, पण दोन्ही बाजू उघड्या ठेवून, म्हणजे वारा खेळेल. लाकडी होडी कडक उन्हात टाकू नका. फळ्या आकसून सांधे उघडतात. तळाचं शेवाळ ओलं असतानाच खरवडून काढा, वाळल्यावर ते दगडासारखं चिकटतं. सांध्यात खिळा सहज आत जात असेल तर तिथला जुना काथ्या उपसून नवा ठोका आणि वर डांबर द्या. फायबरच्या होडीचं बूच काढून ठेवा. चीर गेली असेल तर आधी पूर्ण वाळवा, मगच घासून मॅट (काचतंतूचं कापड) आणि ती चिकटवणारं रेझिन लावा. ओल राहिली की ठिगळ उचकटतं.

इंजिन असेल तर स्वच्छ पाण्यात थोडं चालवून टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा. आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं. गिअर ऑइल दुधासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी शिरलंय, सील बदला. इंजिन उभंच ठेवा.

जाळी धुऊन सावलीत वाळवा आणि तुळईला टांगा. नायलॉनला ऊन आणि उंदीर, दोन्ही वैरी.

वल्ही आणि लाइफ जाकिटं मात्र माळ्यावर कोंबू नका, हाताशी ठेवा. पूर आला की गाव पहिल्यांदा होडीवाल्याच्या दारात येतं. २०१९ ला ब्रह्मनाळला होडी उलटून माणसं गेली, ते आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. आपल्या होडीत किती माणसं बसतात तो आकडा आतल्या फळीवर ठळक रंगानं आत्ताच लिहून ठेवा. गर्दीत तोंडी सांगून कुणी ऐकत नाही, लिहिलेल्या आकड्यावर बोट ठेवता येतं.