मॉरिशसच्या डोंगरात चायनीज पेरू कसा हटवायचा

ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या रानात बाहेरून आलेला लाल फळांचा हा पेरू इतका माजलाय की खाली एबनीचं (तिथलं काळ्या लाकडाचं देशी झाड) रोपटं उगवायला जागाच नाही. तिथल्या मराठी मंडळींनो, फळं खा खुशाल, पण बिया रानात टाकू नका, तेवढं काम डुकरं आणि माकडं करतातच!

छोटी रोपं पाऊस पडून गेल्यावर मुळासकट उपटायची, आणि उपटलेली जमिनीवर टाकायची नाहीत, परत मूळ धरतात, फांदीवर लटकवा. मोठं झाड नुसतं तोडलं तर बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात, म्हणून तोडल्या तोडल्या लगेच कापावर तणनाशक ब्रशने लावायचं, फवारायचं अजिबात नाही, शेजारची देशी झाडं जातील. अख्खा डोंगर एकदम साफ करू नका, ऊन मिळालं की दुसरं तण घुसतं. पार्कात परवानगी लागतेच. हरणं-डुकरं अडवायला आधी कुंपण, मग देशी झाडांची लागवड.