यूकेत घर घेतलंय? बॉयलर कव्हर घ्यायच्या आधी एवढं बघा

बॉयलर कव्हर म्हणजे घर आणि पाणी गरम करणारा बॉयलर बिघडला तर दुरुस्तीसाठी ठरावीक पैसे भरून घेतलेला प्लॅन. भाड्याने राहत असाल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, कारण बॉयलर दुरुस्त करणं ही घरमालकाची जबाबदारी आहे आणि दरवर्षी गॅस सेफ्टी चेक करून त्याची कॉपी तुम्हाला देणंही कायद्याने त्याच्यावरच आहे.

स्वतःचं घर असेल तर आधी बॉयलर कधी बसवला ते शोधा. वॉरंटी ५, ७, कधीकधी १० वर्षांची पण असते, फक्त दरवर्षी सर्व्हिस करून त्याची नोंद ठेवलेली पाहिजे, नाहीतर कंपनी हात वर करते. वॉरंटी चालू असताना नुसत्या बॉयलरचं कव्हर घेण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. दुसरं म्हणजे होम इन्शुरन्सची पॉलिसी उघडून बघा, त्यात होम इमर्जन्सी (बॉयलर बंद पडण्यासारख्या अचानक अडचणींचं कव्हर) आधीच घेतलेलं असू शकतं. साध्या होम इन्शुरन्समध्ये पाइप फुटून घराचं नुकसान झालं तर ते सहसा मिळतं, पण बंद पडलेला बॉयलर त्यात येत नाही.

हे सगळं बघूनही कव्हर हवंच असेल तर मग प्रकार बघा. सगळ्यात स्वस्त म्हणजे फक्त बॉयलर आणि त्याचे कंट्रोल्स. त्यावर सेंट्रल हीटिंग, म्हणजे रेडिएटर आणि पाइप वगैरे, आणि त्याहून महाग प्लॅनमध्ये प्लंबिंग, ड्रेन, इलेक्ट्रिक सगळं. जुनं घर असेल तर मधला प्लॅन बरा पडतो.

आता खरी मेख बारीक अक्षरात असते. बऱ्याच प्लॅनमध्ये सुरुवातीचे काही आठवडे क्लेम करताच येत नाही, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये थंडी वाजायला लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही, उन्हाळ्यातच घ्या. आधीपासून असलेला बिघाड कुणीच धरत नाही. बॉयलरच्या वयाची मर्यादा असते, आणि जुना बॉयलर दुरुस्त करणं परवडत नाही असं त्यांनी ठरवलं तर नवा मिळेल की थोडे पैसे मिळतील की काहीच नाही, हे लेखी वाचा, फोनवरच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. सिस्टिममध्ये साचलेला गाळ आणि लाइमस्केल (पाण्यातल्या क्षारांचा थर) बहुतेक ठिकाणी वगळलेलं असतं (लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये पाणी जड आहे, तिथे हे नक्की बघा). दर क्लेमला एक्सेस (आपल्या खिशातून भरायची रक्कम) किती, वर्षाची लिमिट किती आणि वार्षिक सर्व्हिस त्यात धरलीय का, हेही विचारा.

आणखी एक, काही प्लॅन इन्शुरन्स असतात आणि काही नुसते सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट. इन्शुरन्सवर एफसीएचं (फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी, म्हणजे आर्थिक कंपन्यांवर देखरेख ठेवणारी संस्था) नियंत्रण असतं आणि भांडण झालं तर फायनान्शियल ओम्बुड्समनकडे, म्हणजे तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेकडे, जाता येतं, सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टला साधारणपणे हे संरक्षण नसतं. जाहिरातीत दोन्ही सारखेच दिसतात.

आता हिशोब. समजा महिना २० पाउंड, म्हणजे वर्षाला २४०, आणि त्यावर प्रत्येक क्लेमला ६० एक्सेस. त्यापेक्षा तेवढेच पैसे दर महिन्याला बाजूला टाकून गॅस सेफ रजिस्टरवरचा (गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांची अधिकृत यादी) जवळचा इंजिनिअर धरून ठेवला तर बऱ्याच जणांना परवडतं, असं माझं मत. पण घरात लहान बाळ आहे किंवा आई-बाबा भारतातून आलेत, आणि जानेवारीत एकदम मोठं बिल भरायची तयारी नाही, तर कव्हर घ्या, त्यात काही चूक नाही. रिन्यूअलला भाव वाढलेला दिसला की मात्र गप्प बसू नका, फोन करा, सोडतो म्हटलं की कमी करतात पुष्कळदा.

काही गोष्टींना कव्हर लागतच नाही. बॉयलरचं प्रेशर १ बारच्या खाली गेलं तर मॅन्युअल बघून फिलिंग लूपने (सिस्टिममध्ये पाणी भरायची नळी) पाणी भरता येतं. कडाक्याच्या थंडीत बाहेरचा कंडेन्सेट पाइप (बॉयलरमधलं वाया जाणारं पाणी बाहेर सोडणारा) गोठला तर त्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नाही. आणि गॅसचा वास आला तर कंपनीच्या हेल्पलाइनवर रांगेत थांबू नका, खिडक्या उघडून बाहेर या आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करा, तो फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो.