चौथीच्या वर्गात सेफ्टी पिनची मोटर

टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांची ही मोटर मी दरवर्षी चौथीला करायला देते, सामान अगदी साधं, दीड व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, इनॅमलची (करंट अडवणारा पातळ लेप असलेली) तांब्याची तार, छोटं मॅग्नेट आणि सायकलच्या ट्यूबची कापलेली रिंग. सेलवर मुलांना तार दहा वेढे गुंडाळायला सांगा, मग वेटोळं काढून दोन्ही टोकं समोरासमोर सरळ बाहेर ठेवायची. पिना रिंगने सेलच्या दोन्ही टोकांना घट्ट बसवा, मॅग्नेट सेलवर मधोमध आणि तार पिनांच्या भोकात.

आता खरी गोची. एका टोकावरचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्यावरचं फक्त अर्ध्या बाजूने! दोन्ही पूर्ण खरवडलीत तर तार नुसती डुगडुगते, कारण अर्ध्या फेरीनंतर करंट तिला उलटं ओढतो, तिथे तो तुटायलाच हवा. माझी पहिल्या वर्षी एकही फिरली नव्हती, मुलं माझ्याकडे बघतायत आणि मी सेलला दोष देतेय😅

ब्लेड स्वतःच्या हातात ठेवा, मुलांना पॉलिश पेपर. बोटाने हलकासा धक्का द्यावा लागतो, आणि तार अडकून राहिली तर सेल गरम होतो, लगेच काढा.

का फिरली ते आधी सांगू नका हं, मॅग्नेट उलटा करून बघू दे त्यांना.