कोनिनीचा जॅम

आमच्या डनेडिनच्या परसात कोटुकुटुकू आहे. न्यूझीलंडचा हा फुशिया (लोंबत्या फुलांचं एक फुलझाड) म्हणजे चांगला मोठा वृक्षच, बारा मीटरपर्यंत वाढणारा. त्याच्या फळांना माओरीत, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत, कोनिनी म्हणतात. (फुलांचा निळा पराग माओरी तरुण चेहऱ्याला लावत, किती सुंदर!)

फळं काळीजांभळी, मऊ झाल्यावरच तोडा; कच्ची तुरट लागतात. केरेरू पक्ष्यांसाठी वरच्या फांद्या सोडा. कीटकनाशक मारलेलं झाड असेल तर फळांना हातही लावू नका.

अर्धा किलो फळं, एक किसलेलं आंबट सफरचंद आणि थोडं पाणी मऊ शिजवा. मग पाव किलो साखर, लिंबाचा रस. सफरचंद हवंच, त्याशिवाय जॅम नीट धरत नाही. गार ताटलीवरचा थेंब बोटानं ढकलल्यावर सुरकुतला की उतरवा. साखर कमी आहे, म्हणून बरणी फ्रिजमध्येच ठेवा. गरम पोळी, तूप आणि हा जॅम खाऊन बघाच.