जर्मन शिकायचंय? अ‍ॅप धरायचं, वही का क्लास?

बेळगावच्या उद्यमबागेतला एक मित्र परवा विचारत होता, जर्मनला कुठलं अ‍ॅप बेस्ट? मी म्हटलं, तू कन्नड कुठल्या अ‍ॅपवर शिकलास बाबा? गणपत गल्लीच्या बाजारात 'एष्टु', म्हणजे किती, विचारत विचारतच आलं की.

१) पहिला महिना ड्युओलिंगो अ‍ॅप करा, रोज १५ मिनिटं. फुकटात होतं, सवय लागते, बास. मी दोन महिने स्ट्रीक, म्हणजे एकही दिवस न चुकवता, सांभाळली आणि समोर बोलायची वेळ आली तर त-त-प-प.

२) वही मात्र मराठीतून घाला, हे सगळ्यात महत्त्वाचं. अ‍ॅप शिकवणार बहुतेक इंग्रजीतून, मग थंडी वाजली की तोंडात येतं 'इश बिन काल्ट', म्हणजे मी थंड माणूस! जर्मन म्हणतात 'मीर इस्ट काल्ट', आणि मीर म्हणजे मला. मला थंडी वाजते, आपलंच वाक्य की हे. शब्दाआधी लागणारे डेअर, डी, डास बघून इंग्रजीवाले रडतात, आपल्याला तो, ती, ते लहानपणापासून आहेच. फक्त जोड्या उलट्यापालट्या, सूर्य तिकडं ती, चंद्र तो, आणि मुलगी चक्क ते.

३) म्हणून अंकी (Anki) या शब्द पाठ करायच्या अ‍ॅपमध्ये कार्ड करताना सूर्याला नुसतं 'झोनं' लिहू नका, 'डी झोनं' लिहा. चुकलेलं कार्ड लगेच परत येतं, आठवलेलं लांबच्या तारखेला. कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवाल्यांना पैसे. रोज १० नवीन शब्द पुरे, चार दिवस दांडी मारली की ढीग साचतो.

४) डॉइच वेले या जर्मन वाहिनीचं 'निकोस वेग' बघा, व्हिडिओ आहेत, फुकट, ए-१ म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीपासून बी-१ म्हणजे मधल्या पातळीपर्यंत. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, मोठ्यांदा म्हणायचं. घरातले विचारतील 'काय करूलालास?', विचारू देत.

५) क्लास लावायच्या आधी डेमोला बसा आणि पोरं किती बोलतात ते मोजा. मी एका ठिकाणी फी भरून बसलो, ४० जणांच्या बॅचमध्ये तीन महिन्यांत माझी बोलायची पाळी दोनदा आली. सर्टिफिकेटसाठी गोएथे या जर्मन संस्थेची परीक्षा पुण्यात त्यांच्याच मॅक्स म्युलर भवनला देता येते, त्यात ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं चारही असतं.

६) बोलायला जोडीदार पकडा. आम्ही दोघं रात्री ९ ला दहा मिनिटं फोनवर जर्मन फाडतो, शब्द अडला तर मराठी, तेही अडलं तर कन्नड.